मुनीरचाचा आणि भट्टीची यादी

मुनीरचाचा पहिल्यांदा माझ्या शेडमध्ये आले ते नोकरी मागायला. निदान मला तरी तसं वाटलं होतं. वाळूजला मी नुकतंच काम सुरू केलं होतं. एक जुनं लेथ, एक ड्रिल मशीन, वेल्डिंगचा सेट आणि डिप्लोमाचं सर्टिफिकेट एवढ्या भांडवलावर मी स्वतःला कारखानदार म्हणवून घेत होतो. लेथ चालवायला टर्नर पाहिजे अशी पाटी गेटवर लावली आणि दुसऱ्या दिवशी सायकलवरून एक पंचेचाळिशीचे गृहस्थ आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर विणलेली टोपी, खिशाला दोन पेनं. मला नमस्कार करायच्या आधी ते लेथपाशी गेले, उकिडवे बसले आणि मशीनच्या पोटाखाली मान घालून बघायला लागले.

"कुठून आनली?" त्यांनी खालूनच विचारलं.

"जालन्याहून."

"इकणाऱ्यानं कायकू इकली?"

हे 'कायकू' म्हणजे आपलं 'कशाला'. शहरातल्या दखनी बोलीतला हा शब्द मी आधीही ऐकला होता, पण मुनीरचाचांच्या तोंडून तो अगदी पोलिसी थाटात यायचा. मी म्हटलं, "त्यांचा धंदा बंद झाला."

"धंदा बंद झाला म्हनून मशीन इकली, का मशीन अशी व्हती म्हनून धंदा बंद झाला?"

उत्तराची वाट न बघता ते उठले. त्यांनी मशीन चालू करायला लावलं. एका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग म्हणाले, "दोन म्हैने. लई तर अडीच." दोन महिने आठ दिवसांनी ते बेअरिंग गेलं. तोवर चाचा माझ्याकडे कामाला लागलेले होते.

एवढा चांगला कारागीर रिकामा का फिरतोय, असा संशय मलाही आला होता. मी शेतकऱ्याच्या घरातला, गंगापूरकडचा पाटील. आमच्यात बैल घेतानासुद्धा दात मोजतात. म्हणून मी गुपचूप त्यांच्या आधीच्या मालकाकडे चौकशी केली. ते म्हणाले, "हात चांगला आहे हो, पण प्रश्न फार विचारतो." पितळेचं भंगार कुठून येतं, असं चाचांनी त्यांना तीनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर हिशेब झाला. पुढे कळलं की मी चौकशी करून आलो हे चाचांना दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, उलट मालक अगदीच येडा नाही असं त्यांनी आमच्या वेल्डरला सांगितलं.

चाचांचा कशावरच विश्वास नव्हता. शेडमधल्या माप घ्यायच्या व्हर्नियरवर नव्हता, म्हणून स्वतःचा व्हर्नियर मलमलच्या फडक्यात गुंडाळून डब्याबरोबर आणत. भिंतीवरच्या घड्याळावर नव्हता, म्हणून शेजारच्या कंपनीच्या भोंग्याशी ते रोज पडताळत आणि भोंग्यावर नव्हता म्हणून मनगटावरच्या घड्याळाशी भोंगा पडताळत. वीज गेली की मेन स्विच बंद करत, फ्यूज काढून खिशात ठेवत आणि तरीही वायरला हात लावायच्या आधी टेस्टर दोनदा टेकवत. चहावाल्याला रोज विचारत, दूध आजचं का कालचं? तो रोज सांगे, आजचं. मग चाचा चहा पिऊन म्हणत, "कालचं हाय," आणि कप निम्मा बशीत ओतून दुसऱ्याला देत.

एकदा आमच्या गावी विहिरीवरचा पंप बिघडला, तेव्हा मी त्यांना एसटीने घेऊन गेलो. गाडी गंगापूरला जाते का हे त्यांनी कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरला, मग पहिल्या बाकावरच्या एका म्हातारीला. गाडीवर पाटी होती. मी म्हटलं, "चाचा, मी या गाडीनं लहानपणापासून जातोय." ते म्हणाले, "तुम्ही जाता हो. आज गाडी जाती का ते बघायला पायजे." पंप त्यांनी तासाभरात चालू केला. माझ्या आईने जेवायला वाढलं तर आमटीत काय काय आहे, भाकरीचं पीठ कुठल्या गिरणीतलं, लोणचं कधीचं, सगळी झडती घेतली आणि मग पोटभर जेवले. आई खूश झाली. तिच्या स्वयंपाकाची इतकी चौकशी माझ्या वडिलांनी जन्मात केली नव्हती.

मला मात्र कधी कधी राग यायचा. एकदा मी भंगारवाल्याकडून स्टेनलेसच्या सळया स्वस्तात उचलल्या. चाचांनी त्यांना हात लावायला नकार दिला. बिल दाखवा म्हणाले. मी तडकलो. "चाचा, मी तुम्हाला चोर वाटतो का?"

ते म्हणाले, "तुम्ही नाय. सळई कोणाची ते मला ठाऊक नाय." आणि मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा तसाच ठेवून त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली.

त्यांचे वडील कलईवाले. शहरात गुलमंडीच्या अलीकडे एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मुनीरचाचा सहा-सात वर्षांचे असतील. त्यानंतरच्या दिवसांत सगळंच विस्कटलेलं होतं, लोक मिळेल ते विकून निघून जात होते. एक माणूस तांब्याची भांडी घेऊन आला. हंडा, कळशी, दोन पातेली. वडिलांनी घेतली. कुठली, कोणाची, काही विचारलं नाही. तशा दिवसांत कोणाला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं. भांड्यांना कलई केली आणि दुकानापुढे मांडली. आठवड्याने एक बाई हंडा घ्यायला आली. तिने तो उलटा केला, बुडाशी कोरलेलं नाव वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. नाव तिच्या सासूचं होतं.

"वडलांनी सगळी भांडी तिच्या घरी नेऊन दिली," चाचा म्हणाले. "पर बाजारात व्हायचं ते झालं. लुटीचा माल घेनारा म्हनून बोट दाखवायचे. अब्बा मरस्तोवर म्हनायचे, एक सवाल, मुनीर, एक सवाल तोंडातून निघाला असता तर..."

कोणी लुटलं, कोणाचं लुटलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. संध्याकाळी भंगारवाल्याकडे जाऊन मी बिल आणलं. चाचांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मगच मशीनला सळई लावली.

त्यानंतर त्यांच्या प्रश्नांचा मला राग आला नाही. खरं म्हणजे मला त्यांची सवयच लागली. मी ड्रॉइंग काढायचो आणि ते त्याच्यावर बोट ठेवून विचारायचे, हे माप कायकू, हा खाचा कायकू, इथं गोलाई कायकू. उत्तर देताना मला माझीच चूक सापडायची. सहा-सात वर्षांत आमच्या शेडमधून एकही लॉट परत आला नाही. याचं श्रेय गिऱ्हाइकं मला देत आणि मी ते घेत असे.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे जवळचाच एक कारखाना. तिथे नवी मशिनं बसवायला योहान नावाचे एक परदेशी इंजिनियर दोन वर्षांसाठी आले होते. धिप्पाड, लाल तोंडाचे, सारखे हसणारे. त्यांची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि मासिकातून फाडलेलं एक पान पुढे केलं. पानावर अंगणात ठेवायची एक लांबलचक भट्टी होती. त्यांच्या गावाकडे मोठ्या जेवणाला अख्खं डुक्कर सळईत ओवून निखाऱ्यावर चार-पाच तास फिरवत भाजतात. त्यांचे वडील अंगणात सळईचं हँडल फिरवत बसायचे आणि सगळा गाव भोवती गोळा व्हायचा. जाण्यापूर्वी आपल्या खात्यातल्या माणसांना तसं जेवण घालायचं त्यांच्या मनात होतं. खाणारे कोण, न खाणारे कोण याची त्यांनी नीट चौकशी केली होती आणि न खाणाऱ्यांसाठी वेगळा आचारीही सांगितला होता. डुकराची सोय झाली होती. राहिली होती भट्टी. भट्टीच्या चित्राखाली वर जोडायच्या वस्तूंची यादी होती. मोटर, काटे, झाकण, चाकं, दिवा, तापमान दाखवणारं घड्याळ, काय काय. त्यांनी बऱ्याच वस्तूंपुढे खुणा केल्या होत्या.

"तुमचे ते प्रश्न विचारणारे मिस्त्री बनवतील ना?" ते म्हणाले. "मला त्यांच्याच हातची हवी."

मी हो म्हणालो. स्कूटरवरून शेडकडे येताना मी स्वतःला बरंच काही समजावलं. लोखंडच तर आहे. त्यात काय भाजायचं ते भाजणारा ठरवणार. चाचांना सांगून उगाच त्यांच्या जिवाला त्रास कशाला? असं मी म्हणत होतो, पण खरं एवढंच होतं की मला त्यांच्या नकाराची भीती वाटत होती. ते नाही म्हणाले असते तर एवढं मोठं गिऱ्हाईक मला नाराज करावं लागलं असतं. शेडमध्ये येईपर्यंत माझं ठरलं होतं. जॉबकार्डावर मी लिहिलं, 'बकरा भाजण्याची भट्टी, नग एक.'

चाचांचा चेहरा असा फुलला की मला कसंतरीच झालं. "सालम बकरा!" ते म्हणाले. लहानपणी एका जागीरदाराच्या दावतीत त्यांनी अख्खा भाजलेला बकरा एकदाच बघितला होता. खायला मिळाला नव्हता, पण वास अजून लक्षात होता.

मग ते यादी घेऊन बसले. असं सुख मी त्यांच्या तोंडावर क्वचित बघितलं असेल.

"चाकं कायकू? भट्टी कुठं फिरायला चालली?"

"जड आहे. ढकलायला."

"चार चाकांवर उतारानं निघून गेली म्हंजे? दोन चाकं, दोन पाय." त्यांनी दुरुस्ती केली. "हे घड्याळ कशाचं?"

"आत किती ताप आहे ते कळतं."

"आचाऱ्याला नाक नाय का? खोडा." घड्याळ गेलं. "आन हा दिवा? भाजलं का नाय ते दिव्यानं बघनार? ते काट्यानं टोचून बघायचं असतंय. खोडा." दिवाही गेला. झाकणाची जाडी त्यांनी वाढवली. वाऱ्याला आडवा पत्रा यादीत होता तो ठेवला, पण बिजागरी बदलली. मोटरपाशी ते थांबले. "लाईट गेली तर? एक बाजू काळी, एक बाजू कच्ची. आन दावत बसली तोंड बघत." यादीत नसलेलं एक हँडल त्यांनी स्वतःहून घातलं, मोटर सोडवली की हाताने फिरवता येईल असं. योहान साहेबांना या हँडलचं फार कौतुक वाटलं, कारण ते त्यांच्या वडिलांच्या भट्टीलाही होतं.

सळईला तोल साधायला एक सरकतं वजन लावायचं होतं. त्यासाठी चाचांना जनावराचं वजन हवं होतं.

"सत्तर किलो," मी बेसावधपणे बोलून गेलो.

"सत्तर?" त्यांनी चष्मा काढला. "बकरा हाय का रेडा?"

"दोन लावणार आहेत. एका सळईवर दोन."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग "व्हय, तसं असंल," म्हणाले आणि दोन बकऱ्यांसाठी काट्यांची एक जोडी वाढवली. वाळूचं पोतं तारेने सळईला आवळून त्यांनी ते दोन तास फिरवून बघितलं. पोतं कुठे अडत नव्हतं, धक्का बसत नव्हता. वेल्डर, हेल्पर, मी, सगळे भोवती उभे राहून पोत्याकडे बघत होतो.

त्या दिवशी हात पुसता पुसता ते मला म्हणाले, "पाटील, माझी पोरगी शबाना हाय ना, तिचा निकाह ठरला. साहेबाच्या जेवणानंतर तीन हप्त्यांनी. साहेब जाताना ही भट्टी काय घेऊन जानार नाय. एका दिवसासाठी मिळंल का? दोन सालम बकरे लावतो. सगळ्या मोहल्ल्यानं असं कधी बघितलं नसंल."

त्याच क्षणी मी बोलायला पाहिजे होतं. ते बोलण्यासाठी मला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. पण आधीच दोन खोटी सांगून झाली होती आणि ती दोन्ही मोडायची हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "का नाही? मी बोलतो साहेबांशी."

त्यानंतरच्या चार दिवसांत मी मनाशी बऱ्याच तोडी काढल्या. साहेबांच्या जेवणानंतर भट्टी मोडली असं सांगू. कोणीतरी विकत घेतली असं सांगू. नाहीतर सगळी घासून, तापवून, नवीन सळई आणि नवे काटे घालून देऊ. ही शेवटची तोड माझ्या डोक्यात आली हे लिहिताना आजही लाज वाटते.

मग योहान साहेबांकडून दुसरा कागद आला. त्यात दोन बदल होते. चरबी गोळा करायचा खालचा ट्रे दुप्पट खोल हवा आणि त्याला नळ हवा. आणि एक नवी वस्तू: लाकडी मुठीचा छोटा रूळ, त्याच्यावर सगळीकडून बारीक खिळे. याने भाजण्याआधी कातडी टोचून घ्यायची, म्हणजे ती कुरकुरीत होते, असं खाली हौसेने लिहिलेलं होतं. मी बाहेर गेलो होतो. कागद चाचांच्या हाती पडला आणि वेल्डरने त्यातलं इंग्रजी त्यांना वाचून दाखवलं.

मी आलो तेव्हा ते भट्टीपाशी स्टुलावर बसले होते. हातात कागद होता.

"पाटील, बकरा सोलून भाजतात. कातडं असतं कुठं टोचायला?"

"त्यांच्याकडं पद्धत वेगळी आहे, चाचा."

"आन चरबी? बकऱ्यातून निघून निघून किती निघंल? हा तर नळ लावून बादली भरनार म्हनतो."

मी कागदासाठी हात पुढे केला, त्यांनी तो सोडला नाही.

"जनावर कोन्तं?"

शेडमध्ये दुसरं मशीन चालू होतं. वेल्डरने ते बंद केलं. त्याने ते का बंद केलं असं मला वाटलं.

"डुक्कर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ओरडले नाहीत. उठून मोरीपाशी गेले. रोज सुट्टीच्या वेळी घासलेटने आणि मग साबणाने हात धुवायचे तसे त्यांनी भर दुपारी हात धुतले, कोपरापर्यंत. फार वेळ लागला त्यांना. मग परत येऊन समोर उभे राहिले.

"शबानाच्या दावतीला हीच देनार व्हता?"

"नाही हो चाचा, तशी नाही... सगळी घासून, नवीन सळई..." माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं आणि मी थांबलो.

"मला आधी इचारलं असतं, तर मी नाय म्हनलो असतो," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "भांडलो नसतो. दुसरा मिस्त्री आनून दिला असता, माप कसं घ्यायचं ते त्याला सांगितलं असतं. तुमच्या साहेबाचंबी काम झालं असतं. पर नाय म्हनायचं ते माझं व्हतं, पाटील. ते तुम्ही माझ्याकडून घेतलं. मी इतके वर्ष सगळ्यांला इचारतो, हे कुठलं, ते कोणाचं. तुम्ही लिव्हलं बकरा, मी बकरा समजलो."

ट्रे आणि खिळ्यांचा रूळ मी दुसरीकडून करून घेतला. योहान साहेबांचं जेवण झोकात झालं. मधेच लाईट गेली आणि चाचांच्या हँडलने सगळं निभावलं. साहेब स्वतः फिरवत बसले, डोळ्यांत पाणी आणून. जाताना त्यांनी मिस्त्रींसाठी एक भारी पेन दिलं. ते मी टेबलाच्या खणात ठेवलं. कोणत्या तोंडाने देणार होतो?

चाचा त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आले होते. मला वाटत होतं की येणार नाहीत. शबानाच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना दिली, मलाही दिली. मी गेलो. बिर्याणी उत्तम होती. चाचांनी मला स्वतः नेऊन बसवलं, आग्रह केला, 'साहेब, अजून घ्या' म्हणाले. तोपर्यंत त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

आणि त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. चहावाल्याला विचारत, वेल्डरला विचारत, भंगारवाल्याची तर उलटतपासणी घेत. मला मात्र काही विचारत नसत. ड्रॉइंग पुढे केलं की घेत, "जी" म्हणत आणि कामाला लागत. सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटलं. मग दहा-बारा दिवसांनी मीच ड्रॉइंग देऊन जरा थांबायला लागलो. ते मान वर करून बघत. "अजून काय काम होतं, साहेब?"

त्याच वर्षी आमचा पहिला लॉट परत आला. शाफ्टच्या एका टोकाचं माप मी ड्रॉइंगवर चुकीचं टाकलं होतं. शंभरच्या शंभर शाफ्ट त्या चुकीच्या मापात बिनचूक बनवलेले होते. मी ते घेऊन चाचांपुढे गेलो. "चाचा, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं व्हतं."

"मग?"

"कागदावर तसं व्हतं."

शाफ्ट घेऊन मी परत फिरलो. बोलणार तरी काय? रात्री घरी बायकोला म्हणालो की या माणसाने मला शिक्षा दिली आहे. ती म्हणाली, त्यांनी शिक्षा दिली नाही, तुम्ही सांगाल ते खरं मानायचं एवढंच ठरवलंय. मला तिचं म्हणणं जास्त लागलं.

अशी आठ वर्षं ते माझ्याकडे होते. एकही खाडा नाही, तक्रार नाही. माफी मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा त्यांनी "अरे साहेब, सोडा," म्हणून विषय बदलला. डोळे अधू झाले तेव्हा स्वतःहून थांबले. निरोपाला मी शाल दिली, फोटो काढले. फोटोत आम्ही दोघं शेजारी उभे आहोत आणि ते सरळ कॅमेऱ्याकडे बघताहेत.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. दौलताबादच्या रस्त्याला कोणी एक नवा रिसॉर्ट काढत होता. त्याने कुठून तरी योहान साहेबांच्या जेवणाची कीर्ती ऐकली होती. त्याला तशीच भट्टी हवी होती, बाहेरच्या हिरवळीवर ठेवायला. छापील रंगीत यादी घेऊन आला. आता वस्तू दुप्पट झाल्या होत्या. रिमोटवर चालणारी मोटर, काचेचं झाकण, सॉस गरम ठेवायची फळी. मी त्याला नाही म्हणणार होतो. पण यादी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गुलमंडीवरून चाचांच्या गल्लीत गेलो.

ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते, पण शर्टाची इस्त्री तशीच होती. शबाना माहेरी आली होती, तिचा मुलगा आत पाढे म्हणत होता. मी बसलो आणि पाणीसुद्धा पिण्याआधी बोललो. "चाचा, भट्टीची ऑर्डर आलीय. डुकराची. तुमच्या देखरेखीखाली करायची का, एवढं विचारायला आलो."

त्यांनी यादी घेतली. डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत पाहिली. रिमोटच्या चित्रापाशी त्यांचं बोट अडखळलं, तोंड वाकडं झालं. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"नाय, पाटील. हे माझ्याकडून व्हायचं नाय."

"बरं," मी म्हणालो.

"तुम्हाला ठाऊक व्हतं मी नाय म्हननार."

"हो."

"मग येवढ्या उन्हाचं आलात कशाला?"

"तुमचं 'नाही' ऐकायला," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग आत वळून शबानाला चहा टाकायला सांगितलं. चहा झाल्यावर ते काठी घेऊन माझ्याबरोबर उठले. मी नको नको म्हणत होतो, तरी गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तिथल्या गर्दीत मी स्कूटर काढली, चालू केली. मागे वळून बघितलं तर एका हाताने काठी धरून ते एका रिक्षावाल्याला थांबवून मला वाट करून देत होते.